सुटेना ते बूच

गुरुलिंगनं आधी गाडीच्या पोटातलं तेल काढलं आणि मग नवं तेल ओतायचं बूच उघडायला घेतलं. त्या दिवसाचं जे काही मातेरं झालं ते एवढ्या उलटापालटीत झालं. आधी ओतायचं बूच सुटतंय का बघावं, ते सुटलं तरच खालचं सोडावं, हे गाडी हाकणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. गुरुलिंगलाही होतं. पण त्या सकाळी त्याच्या डोक्यात गाडी नव्हती, देव होता.

ट्रकच्या पाठीवर वीरभद्राच्या रथाचं नवं चाक चढवलेलं होतं. दाक्षायणीच्या माहेरी, अक्कलकोटच्या पुढं हिरेबेनूरला, दर माघात रथ ओढतात. दुष्काळात रथ जागचा हलला नव्हता. माणसांनाच घोटभर पाणी नव्हतं, तिथं देवाला मिरवायचं कुणाला सुचणार? मग पाऊसपाणी बरं झालं, रथ बाहेर काढला, तर उन्हानं तडकलेलं मागचं चाक देवळासमोरच उकललं आणि भर गर्दीत रथ एका अंगाला कलला. बायाबापड्यांच्या तोंडचं पाणी पळालं. यंदा गावानं वर्गणी काढून सोलापुरात, बाळीवेशीतल्या सुताराकडून बाभळीचं नवं चाक घडवून घेतलं. ते गावी न्यायचं कसं, अशी चर्चा निघाली तेव्हा दाक्षायणी माहेरच्या पंगतीत बोलून गेली, "आमची गाडी हाय की. आम्ही आणतो."

एरवी ती चारचौघांत तोंड उघडणारी नव्हे. पहाटे उठावं, अंगावरचं लिंग तळहातावर घेऊन पूजा करावी, कपाळाला विभूती लावावी आणि मगच चूल पेटवावी. सोमवार, शिवरात्र, श्रावण, सगळं बिनबोभाट पार पाडावं. तिचा आवाज शेजारच्या भिंतीलाही ऐकू जात नसे. पण एकदा शब्द गेला तो गेला. उद्या रथ. आज दिवस मावळायच्या आत चाक गावात पोचलं तर रातोरात ते आसाला बसणार. नाही पोचलं तर रथ उभाच, आणि गाव म्हणणार, दाक्षायणी गाडी देते म्हणाली आणि तिनं तोंडघशी पाडलं. दुसरी गाडी बघावी तर उसाचा हंगाम. सोलापुरातले झाडून सगळे ट्रक साखर कारखान्यांच्या दारात रांगा लावून उभे.

म्हणून त्या पहाटे तिनं पूजेतच बोलून ठेवलं होतं, चाक गावच्या वेशीत शिरेपर्यंत पाण्यावाचून काही घेणार नाही. आणि नवऱ्याला म्हणाली होती, "देवाचं काम हाय. गाडी आतूनबाहेरून स्वच्छ करा हं."

बाहेरून गुरुलिंगनं आदल्या दिवशीच धुतली होती. झेंडूच्या माळा घातल्या, काचेवर विभूतीचे पट्टे ओढले, चाकांना लिंबू बांधलं. राहिलं होतं ते आतून. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, ज्याच्यातल्या दात्यांच्या जोरावर चाकं फिरतात, त्याच्यातलं तेल दुष्काळाआधीपासूनचं, काळंकुट्ट. देवाचं चाक वर आणि ही घाण खाली? त्याला ते सोसवेना. सकाळी सुताराघरी पूजा झाली, आठ जणांनी चाक खांद्यावर घेऊन गाडीत चढवलं, गाडी अक्कलकोट रस्त्याच्या घरासमोर आली, आणि निघायच्या आधी अर्ध्या तासाचं काम म्हणून गुरुलिंग खाली शिरला. खालचं बूच सोडलं. तेल भळाभळा घमेल्यात आलं. मोठं पुण्य पदरात पडल्यासारखा तो बाहेर आला, नवा डबा घेऊन परत खाली गेला, आणि तिथंच अडकला.

"सुटेना की बे हे!" खालून आवाज आला.

अंगणातल्या बाजेवर दाक्षायणीचा थोरला भाऊ कल्लप्पा पान लावत बसला होता. चाकाला सोबत म्हणून गावानं त्याला धाडलं होतं. उभी हयात गिरणीत वाफेच्या नळांचा फिटर म्हणून काढलेली, त्यामुळं लोखंडाच्या कुठल्याही वस्तूवर आपलाच पहिला हक्क असं त्याला वाटे.

"डावीकडं फिरवा, दाजी."

"डावीकडंच फिरवतोय."

"कुणाच्या डावीकडं? तुमी आडवं पडलाय."

"पाव्हणं, वीस वर्षं गाडी हाकतोय मी!"

"हाकणं वेगळं आन खोलणं वेगळं," कल्लप्पानं पानाला चुना लावत म्हटलं.

खालून पान्याचा खण्णकन आवाज आला, पाठोपाठ कन्नडमधली एक शिवी आली. दाक्षायणीनं उंबऱ्यात उभ्या उभ्या डोळे मिटून घेतले. देवाचं चाक वर आहे, आणि खाली हे.

ऊन अंगणात आलं. गुरुलिंगनं पान्याला लांब नळी जोडून जोर केला, मग रॉकेल ओतून वाट पाहिली, मग हातोडा घेतला. बूच कसलं, शिवाची पिंड असावी तसं ते जागच्या जागी स्थिर. प्रत्येक वेळी कल्लप्पा बाजेवरून "आता सुटलं बघा" म्हणे आणि प्रत्येक वेळी ते न सुटे. शेजारची गोजरबाई पाण्याची घागर घेऊन जाता जाता थबकली.

"दाक्षाबाई, मालक सकाळधरनं गाडीखाली हायती. जित्तं हायती न्हवं?"

"हायेत की."

"मग बोलत का न्हाईत?"

"बोलत्यात की. तुमी ऐकू नका ते."

गोजरबाईनं वाकून खाली बघितलं. गुरुलिंगचे फक्त पाय दिसत होते, आणि ते पाय सुद्धा रागावलेले दिसत होते. "लई चिकाट निघालंय जणू," ती म्हणाली. "आमच्या कारभाऱ्याच्या बुडाला आसंच काय तरी चिकाटलंय. घरातनं हलत न्हाईत."

दाक्षायणीला हसू आलं, पण रिकाम्या पोटात ते टिकलं नाही. सूर्य निंबाच्या शेंड्यावरून सरकला होता. तिनं गाडीजवळ जाऊन हळूच विचारलं, "अहो, असंच नाही का जाता यायचं? बिनतेलाचं? सावकाश?"

गुरुलिंग सरपटत बाहेर आला. तोंड, कान, मिशा, सगळं काळं. "बिनतेलाचं? तू बिनपाण्याची राहून दाखव आधी! दाते एकमेकांना खातील. वाटेतलं वळसंगसुद्धा गाठायची नाही गाडी, रस्त्यात बसंल ती बसंलच."

"मी नुसतं विचारलं."

"तूच म्हणालीस, आतून स्वच्छ करा. केलं स्वच्छ! इतकं स्वच्छ केलं की थेंब नाही राहिला. तुझ्या उपासात गाडीलापण उपास घडला!"

"आतून म्हणजे मी झाडून काढा म्हणाले होते," दाक्षायणी पुटपुटली.

"दाजी, तिला कशाला बोलता," कल्लप्पा मध्ये पडला. "आधी वरचं खोलायचं असतं. एवढं तर आमच्या गिरणीतला झाडूवालापण सांगील."

गुरुलिंगनं पाना असा काही आपटला की निंबावरचे कावळे उडाले. मग परत खाली शिरला, आणि रागाच्या भरात असा हिसका दिला की पाना सटकला, बुचाचे चारी कोपरे झिजून गुळगुळीत झाले आणि त्याचा अंगठा सोलून निघाला. आता पाना धरायलाही जागा राहिली नाही.

तेव्हा कुठे तो गुमान उठला, अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि सायकल काढून ख्वाजामियाँ मिस्त्रीला आणायला गेला.

ख्वाजामियाँचं गॅरेज नाक्यावर होतं आणि त्यांचा स्वभाव साऱ्या रस्त्याला माहीत होता. कुणीही गाडी आणली की आधी ते गाडीवर न चिडता माणसावर चिडत. इथंही आले, वाकले, बघितलं, आणि सरळ उभे राहून म्हणाले, "गुरुलिंग, तुमना अक्कल किधर रक्खे थे? नीचे का पहले खोल दिये?"

"झालं की आता, चाचा."

"झालं म्हणतो! ऊपर देव बिठाया, नीचे पेट खाली किया. कौन सिकाया बोलो?"

गुरुलिंगनं दाक्षायणीकडं बघितलं. दाक्षायणीनं पदर सावरून तुळशीकडं बघितलं.

ख्वाजामियाँ खाली गेले. बराच वेळ खरवडण्याचा आवाज येत राहिला. मग ते हळूहळू बाहेर आले आणि छन्नीच्या टोकावर आलेला चुरा उन्हात धरून बघू लागले. चुरा तांबडालाल होता आणि त्यात तागाचे धागे होते.

"ये क्या है? लाल?"

"बघू," म्हणून कल्लप्पा बाजेवरून उठला. चुरा चिमटीत घेतला, चुरगळून बघितला, आणि त्याचं तोंड एकदम उजळलं. लेकराचा पहिला नंबर आल्यावर बापाचं उजळावं तसं.

"हां! म्हणून सुटेना. हे मीच लावलंय की!"

गुरुलिंगनं चिंधी गुंडाळलेला अंगठा मुठीत दाबून धरला.

"गेल्या साली दाजी गावाला आले तेव्हा हे बूच गळत होतं. थेंब थेंब. आठवतं का? दाजी जेवून झोपले. मी म्हटलं, पाव्हण्याची गाडी, आपल्या हातून सेवा घडावी. बूच काढलं, आट्यांना ताग गुंडाळला, वर शेंदूर आन जवसाचं तेल घोटून असं लेपलं!" त्यानं हवेतच बोट फिरवून दाखवलं. "बॉयलरचा सांधा असाच लावतात. वाफ फुटत नाही तिथनं. नंतर एक थेंब गळालं का? सांगा, गळालं का?"

"नाही गळालं," गुरुलिंग दातओठ खात म्हणाला.

"मग!"

"अहो पाव्हणं, ते बॉयलरचा सांधा जन्मभर उघडत नाहीत! हे बूच उघडायचं असतं!"

"ते मला काय माहीत? तुमी कधी उघडताना दिसला नाहीत."

"आन सकाळपासून बाजेवर बसून डावीकडं उजवीकडं सांगताय, तेव्हा नाही आठवलं?"

"मला वाटलं तुमच्या अंगात जोर कमी हाय," कल्लप्पा अगदी भाबडेपणानं म्हणाला.

गुरुलिंग त्याच्याकडं एक पाऊल सरकला. दाक्षायणी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. एका बाजूला नवरा, सोललेल्या अंगठ्याचा. दुसऱ्या बाजूला भाऊ, शेंदराच्या अभिमानाचा. शेंदूर लावावा मारुतीला, तो यानं नेऊन लावला ट्रकच्या पोटात, आणि आता मारुतीसारखंच ते बूच कुणाला ऐकेना.

"मिस्त्रीचाचा," तिनं विचारलं, "निघेल का?"

"निघेल की, बहन. गरम करना पडेगा. आग लगाके लाल करो, तो ये शेंदूर सुटेगा." ख्वाजामियाँनी गाडीच्या पाठीकडं मान केली. "लेकिन उसके ऊपर क्या है देखो. सूखी लकडी, उसको ताजा तेल चोपडे, नीचे कडबा बिछाये. मैं आग नहीं लगाता. नक्को बाबा. देव का चाक जला तो मेरे नाम पे जला."

त्यांचं खरं होतं. गोळा बरोबर चाकाच्या खाली, मध्ये फक्त गाडीच्या फळ्या. गुरुलिंग म्हणाला, "मग चाक उतरवू. दोन तासांत परत चढवू."

"उतरवून ठेवणार कुठं?" कल्लप्पानं विचारलं.

"खाली. अंगणात."

"अय्य शिवा!" कल्लप्पानं दोन्ही कानांना हात लावले. "पूजा झालेलं चाक हाय ते! सुताराच्या घरनं उचललं की गावच्या वेशीत शिरेपर्यंत भुईला लागू द्यायचं नाही. आज्यापणज्यापासनं चालत आलंय. मी सोबतीला आलोय कशाला? ह्यासाठीच. टेकलं की बाटलं. मग ते चाक रथाला लागायचं नाही."

हे दाक्षायणीलाही माहीत होतं. लहानपणी तिनं बघितलेलं, एकदा अक्कलकोटहून नवा आस आणताना बैलगाडी चिखलात रुतली तर माणसं तो आस डोक्यावर धरून उभी राहिली होती.

"मग बाजेवर ठेवू," गुरुलिंग म्हणाला.

"बाजेचे पाय कुठं असत्यात? भुईवरच की."

"गाडीची चाकं कुठं हायत मग? आभाळात?"

"गाडीची गोष्ट वेगळी. गाडी वाहन हाय."

"बाज काय हाय?"

"बाज म्हणजे बाज. त्यावर माणूस निजतं."

"मग निंबाला टांगू!"

"टांगलं तर चालंल," कल्लप्पानं गंभीरपणे विचार करून सांगितलं, "पण निंबाची फांदी पेलणार नाही."

"माणसांना धरायला लावू."

"धरू दे की. कुठं हायत माणसं?"

गल्लीतले गडी कामावर गेलेले. होते ते दोन म्हातारे, एक लंगडा शिंपी, आणि गोजरबाईचा घरातनं न हलणारा नवरा, जो हा तमाशा बघायला मात्र भिंतीपर्यंत हलला होता. उतरवायला ते हात लावतील. पण ताप देऊन बूच सुटेपर्यंत तेवढं चाक खांद्यावर पेलून धरणं त्यांच्या बापाच्यानंही होणार नव्हतं.

"तर मग गाडी धक्का मारून पलीकडं न्या," भिंतीवरून त्यांतला एक म्हातारा म्हणाला.

"चाक वरच राहील की हो, आजोबा!"

"आस्सं व्हय."

ऊन उतरणीला लागलं. ख्वाजामियाँनी विडी शिलगावली आणि लगेच चाकाकडं बघून विझवली. गुरुलिंग म्हणाला, पाव्हण्यांनीच आता शेंदूर जिभेनं चाटून काढावा. कल्लप्पा म्हणाला, तेल आधी सांडणाऱ्यानं दुसऱ्याला शिकवू नये. गुरुलिंग म्हणाला, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या गाडीला हात लावणाऱ्यानं देवाचं नाव घेऊ नये. कल्लप्पा म्हणाला, बहीण दिली तेव्हा कुठं विचारून दिली होती. पुढं बोलणं गाडी, बूच, देव सोडून लग्नातल्या मानपानावर गेलं, आणि दोघंही त्या मानपानाच्या पानसुपारीवर असे तुटून पडले की जणू आज रथ नव्हता, चाक नव्हतं, उद्या नव्हता.

दाक्षायणीच्या कानात भणभणायला लागलं. ती देवघरात गेली. लिंग तळहातावर घेऊन बसली. डोळे मिटले तर डोळ्यांपुढं काही आलं नाही, ना पिंड, ना दिवा. आलं ते हिरेबेनूरचं देऊळ, तिथं कललेला रथ आणि रथाखाली मोकळा आस. माणसं वेशीकडं डोळे लावून बसली असतील. गावच्या सुताराचं पोर झाडावर चढून रस्ता बघत असेल.

ती उठली. ओसरीतून शेणाची पाटी उचलली, पाणी घातलं, आणि अंगणात निंबाखाली वाकून सारवायला लागली. उपाशी पोटी वाकल्यावर अंधारी आली तरी हात थांबला नाही. भांडण चाललंच होतं. कुणाचं लक्षही नव्हतं. सारवून झाल्यावर तिनं रांगोळीची चिमूट घेतली आणि ओल्या सारवणावर लिंगाची रेघ काढली. मग हात धुतले, उठून उभी राहिली आणि म्हणाली,

"चाक उतरवा."

"अगं, पण अण्णा काय म्हणतोय..." गुरुलिंगनं सुरुवात केली.

"अण्णा," ती भावाकडं वळली, आणि जी बाई भिंतीलाही ऐकू जाऊ नये असं बोलायची तिचा आवाज नाक्यावर ऐकू गेला, "चाक हाय ते! चाक! भुईला लागायचं नाही तर त्यानं करायचं काय? डोक्यावर घेऊन बसायचं? उद्या त्याच्यावर वीरभद्र बसणार, आन ते चिखलातनं, शेणातनं, नारळाच्या पाण्यातनं जाणार. तेव्हा नाही बाटायचं, आन माझ्या सारवलेल्या अंगणात बाटतंय?"

"पण रीत..."

"रीत वेशीपर्यंत पोचायची हाय. इथंच उभी राहिली तर ती रीत कसली? गाडी अडली आपल्या दोघांच्या घरच्या शहाणपणानं. तुमी शेंदूर लावला, ह्यांनी तेल सांडलं, मी आतून स्वच्छ करा म्हणाले. देवानं काय केलंय? त्याला कशाला उपाशी ठेवता? पाप लागलं तर माझ्या नावावर लिहा. मी टेकवते. माझ्या हातानं."

ती गाडीच्या मागच्या फाळक्याशी गेली आणि चाकाला हात लावला. खरंच तिच्या एकटीच्यानं ते काय हलणार होतं! पण बहिणीनं हात लावलेला बघून कल्लप्पा भांबावल्यासारखा पुढं आला आणि दुसरी बाजू धरली. मग गुरुलिंग, मग ख्वाजामियाँ, मग भिंतीवरनं उतरून गोजरबाईचा नवरासुद्धा. फळ्या लावल्या, दोर बांधला, आणि चाक हळूहळू खाली उतरलं. सारवलेल्या जागेपर्यंत ते उचलून न्यायची कुणाच्यात ताकद नव्हती. म्हणून ते लोटलं. बाभळीचं ते जडशीळ चाक पहिल्यांदाच फिरलं आणि निंबाच्या बुंध्याला टेकून उभं राहिलं. कल्लप्पा तोंडानं पंचाक्षरी पुटपुटत राहिला, आणि मध्येच थांबून म्हणाला, "छान फिरतंय बरं का. हेलपटत नाही."

पुढचं काम मात्र देवानं लवकर उरकू दिलं नाही. ओली पोती अंथरली, वाळूची बादली ठेवली, ख्वाजामियाँनी ब्लो लँप पेटवला. बूच तापलं, धूर आला, शेंदराचा करपट वास घरभर शिरला. नळाच्या पान्यानं धरलं तर पाना घसरला. परत ताप दिला, परत पाना घसरला. ख्वाजामियाँनी आता कुणालाही न विचारता दोघांना शिव्या घालायला सुरुवात केली. शेवटी बुचाच्या डोक्याला छन्नीनं खाच पाडली, खाचेत छन्नी ठेवून कल्लप्पानं घण घेतला. सांधा त्याचाच, मोडायचाही त्यानंच. गुरुलिंगनं पाना धरला. "हाणा, पाव्हणं," तो म्हणाला. "माझा हात सांभाळून हाणा. आपलं वैर हाय, पण हात एकच उजवा हाय."

कल्लप्पानं हाणला. बूच करकरलं. दुसऱ्या घावाला पाव वेढा फिरलं. कल्लप्पाच्या तोंडून "अरेरे!" निघालं. एवढा नामी सांधा तुटला याचं त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं.

तेल ओतलं. पुन्हा बूच बसवताना गुरुलिंग, ख्वाजामियाँ आणि दाक्षायणी एकदमच ओरडले, "नुसतंच! काही लावायचं नाही!" आणि कल्लप्पा खिशाकडं गेलेला हात मागं घेत म्हणाला, "मी काय बोललो का?" चाक पुन्हा चढवताना गल्लीतली, कामावरून सुटून आलेली गडीमाणसं मिळाली. गाडी निघाली तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. दाक्षायणी पुढं गुरुलिंगशेजारी बसली, कल्लप्पा मागं चाकाला धरून. वळसंग आलं, गेलं. मागच्या गोळ्यातून आवाज येतोय का म्हणून गुरुलिंग सारखी मान वाकडी करी. अक्कलकोटात शिरल्यावर मग त्यानं मान सरळ केली. अंगठ्याची चिंधी सोडून टाकत तो म्हणाला, "अंगणात एवढ्या मोठ्यानं ओरडलीस. मला वाटलं, मिस्त्रीचा लँपच फुटला."

"घसा दुखतोय," ती म्हणाली.

हिरेबेनूरच्या वेशीत दिवस मावळता मावळता गाडी पोचली. हलगी वाजायला लागली. बाया पाण्याचे तांबे घेऊन पुढं आल्या. देवळाचे पुजारी बसप्पा काठी टेकत गाडीजवळ आले, विभूती लावली आणि रीतीप्रमाणं विचारलं, "वाटंत भुईला टेकलं नाही ना?"

"छे छे!" गाडीतनं उतरता उतरता कल्लप्पा म्हणाला. "तरंगत आलंय म्हणा की. मी होतो ना सोबत."

गुरुलिंगनं टायरांकडं बघायला सुरुवात केली. हलगीवाला थांबला. दाक्षायणी गाडीतून उतरत होती. एक पाय पायरीवर, एक खाली. भावानं तिच्यासाठीच थाप मारली होती हे तिला कळलं. एवढं मोठं गाव जमलं होतं आणि तिनं गप्प बसायचं होतं, एवढंच. गप्प बसायची तर तिला जन्माची सवय.

"टेकलंय, अज्जा," ती म्हणाली. "सोलापुरात, माझ्या अंगणात. सारवून घेतलं होतं. पण टेकलंय. मीच टेकवायला लावलं."

कुजबुज झाली. कल्लप्पानं कपाळाला हात मारला. बसप्पांनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि तिच्याकडं बघत राहिले. उपासानं तिचे ओठ सुकलेले, पदराला काळं तेल लागलेलं.

"नुसतं टेकलं, का फिरलंही?" त्यांनी विचारलं.

"फिरलं. थोडं."

"सरळ?"

"सरळ," कल्लप्पा चटकन म्हणाला. "हेलपटलं नाही."

बसप्पांनी मागं वळून थांबलेल्या हलगीवाल्याकडं आणि मग वेशीशी येऊन थांबलेल्या गावच्या सुताराकडं बघितलं. सुतारानं मान हलवली. अंधार पडायच्या आत त्याला चाक हवं होतं, बाकी कशाशी त्याला देणंघेणं नव्हतं.

"मग काय," पुजारी म्हणाले. "यंदा रथ सोलापूरपासनं निघाला म्हणा. तू टेकवलंस, तर आता बेलही तूच वाहा. ये. पाणी शिंप आन बेल वाहा. आणि तुम्ही उभे काय राहिलात? उतरवा की ते!"

बाया पुढं झाल्या, कुणीतरी तिच्या हातात तांब्या दिला. मागं कल्लप्पा आणि गुरुलिंग फळ्या आधी डावीकडं लावायच्या का उजवीकडं यावर भांडायला लागले होते.